प्रिंटर फक्त पप्पांनाच का घाबरतो?



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो. महिला मंडळातल्या एक ताई थांबूनच राहिल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरात घरातल्या वस्तूंचं लिहिता ना? मग आमच्या प्रिंटरचं काय करू ते सांगा. सहा हप्ते भरले, अजून सहा राहिलेत. आणि हा आठवड्यातनं एक दिवस चालतो."

कोणत्या दिवशी चालतो, असे आम्ही विचारले.

"ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी. पोरगी तर म्हणते, प्रिंटर फक्त पप्पांनाच घाबरतो."

आम्ही हसलो, ताईही हसल्या. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मुलगी बारावी झालेली. जात-पडताळणीचे कागद चार दिवसांनी द्यायचे होते. ताई दोन घरची कामे करतात, भाऊ सुरक्षा रक्षक आहेत. दुरुस्तीवाल्याने प्रिंटर उघडून पाहिला, तपासणीचे शंभर रुपये घेतले आणि सांगितले की आतले वायफायचे कार्ड गेले आहे, २,८०० रुपये पडतील.

कोणी म्हणेल, एवढ्यासाठी घरात प्रिंटर कशाला? कोपऱ्यावर झेरॉक्सचे दुकान आहे की. आम्हीही आधी तेच म्हणालो. तेव्हा ताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकचे एक पाकीट काढले. आत मुलीच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. चार घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली, शाई तपकिरी पडलेली. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा किती कामाचा असतो, हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. पण तो हक्क मुलांच्या पदरात पाडून घ्यायला प्रत्येक पिढीला आजोबांचा हाच कागद पुन्हा पुन्हा काढावा लागतो. दुकानात तो कागद दरवेळी यंत्रावर दाबला जातो आणि दरवेळी थोडा आणखी फाटतो. शिवाय आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक हे सारे आपण दुकानदाराच्या फोनवर पाठवतो. ते त्याच्याकडे किती दिवस राहते आणि कोण पाहते, हे कोण विचारतो? ताईंनी हप्त्याने प्रिंटर घेतला तो या हिशेबाने. हिशेब चुकीचा नव्हता.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर. प्रिंटर भांड्यांच्या मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवलेला. अँटेनाच्या खुणेचा निळा दिवा लुकलुकत होता.

सर्वांत आधी आम्ही आजोबांच्या दाखल्याला हात न लावता साधी वर्तमानपत्राची घडी काचेवर ठेवली आणि कॉपीचे बटण दाबले. दहा-बारा सेकंदांत प्रत बाहेर आली. वाचकांनी ही पहिली परीक्षा कधीही चुकवू नये. काचेवरून प्रत नीट निघते म्हणजे शाई, कागद ओढणारे रूळ, आतली मोटार सर्व ठीक आहे. प्रिंटर धडधाकट आहे. त्याचा फक्त फोनशी संबंध तुटलेला आहे. संबंध तुटणे ही फार वेळा फुकटात दुरुस्त होणारी गोष्ट असते.

मग दिवा. बहुतेक प्रिंटरमध्ये हा दिवा स्थिर पेटलेला असेल तर जोडणी झालेली असते, आणि लुकलुकत असेल तर तो ओळखीचे वायफाय शोधत असतो. ताईंच्या घरचा प्रिंटर शोधत होता. कोणाला शोधत होता? आम्ही विचारले, "तुमचा वायफायचा डबा कुठे आहे?"

मुलगी म्हणाली, "डबा नाहीये, सर. पप्पांच्या फोनचा हॉटस्पॉट लावतो."

उत्तर इथेच होते. पप्पांची दुसरी पाळी. दुपारी अडीचला ते घराबाहेर पडतात आणि घरचे वायफाय त्यांच्या खिशात बसून ड्युटीवर जाते. मुलगी कॉलेजातून येते पाच वाजता. तिच्या फोनला स्वतःचे सिम असल्यामुळे तिचे सगळे चालू असते, म्हणून वायफाय नाही हे कोणाच्या लक्षातच येत नाही. सुट्टीच्या दिवशी पप्पा घरी, हॉटस्पॉट चालू, प्रिंटर चालू. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात तर ओळखीचे वायफाय असणारच नव्हते. दिवा लुकलुकला, आणि त्याने कार्ड गेल्याचे सांगून टाकले.

आपल्या वस्त्यांमधून राउटर नसलेली आणि एका फोनच्या हॉटस्पॉटवर चालणारी घरे पुष्कळ आहेत. प्रिंटरबरोबर येणारे माहितीपत्रक मात्र घरोघरी राउटर आहेच असे धरून लिहिलेले असते. म्हणून या घरांसाठी आम्ही जरा सविस्तर लिहितो.

प्रिंटर वायफाय ओळखतो ते दोन गोष्टींवरून: त्याचे नाव आणि त्याचा पासवर्ड. फोन कोणाचा आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणजे घरात राहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटला तंतोतंत तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, तर प्रिंटर आपोआप त्याला जोडला जातो. नव्याने काहीही करावे लागत नाही. ताईंकडे काचेला तडा गेलेला एक जुना फोन पडून होता. भावांना ड्युटीवर फोन लावून नाव आणि पासवर्ड विचारला आणि त्या जुन्या फोनच्या हॉटस्पॉटमध्ये भरला. इथे एक चूक फार होते. इंग्रजी अक्षर मोठे की लहान, मध्ये मोकळी जागा आहे की नाही, यात तिळाएवढा फरक पडला तरी प्रिंटर ओळख देत नाही.

एवढे करूनही दिवा लुकलुकतच राहिला. ताईंचा चेहरा पडला. आम्हीही क्षणभर गोंधळलो, हे कबूल केले पाहिजे. मग आठवले.

वायफायच्या दोन लहरी असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. दोन पूर्णांक चारची हळू, पण लांब जाते. घरगुती स्वस्त प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच ऐकू शकतात. फोनचा हॉटस्पॉट पाचवर असला तर प्रिंटरच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड म्हणून एक रकाना असतो. तिथे आम्ही २.४ निवडले. आयफोन असेल तर पर्सनल हॉटस्पॉटमध्ये मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी नावाचा खटका असतो, तो चालू केला की हेच काम होते. अर्ध्या मिनिटात दिवा स्थिर झाला. मुलीने आपला फोनही त्याच हॉटस्पॉटला जोडला आणि वंशावळीचे पान बाहेर आले.

आणि त्याच्यामागून आणखी सोळा वंशावळी आल्या. गेले आठ दिवस प्रिंट येत नाही म्हणून पोर रोज बटण दाबत होती. ते सारे हुकूम फोनमध्ये रांगेत उभे होते, वाट मोकळी होताच सगळे धावले. कागद वाया गेले, शाई वाया गेली. तेव्हा पान आले नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. आधी छपाईची रांग उघडून थांबलेले काम रद्द करावे, मग दुरुस्तीला लागावे.

या सोयीत दोन काळज्या घ्याव्यात. एक, पप्पा घरी आले की दोन फोनांवर एकाच नावाचे दोन हॉटस्पॉट चालू राहतात. मग प्रिंटर एकाला चिकटतो, मुलीचा फोन दुसऱ्याला, आणि पुन्हा भेट नाही. एका वेळी एकच चालू ठेवावा. दोन, बऱ्याच फोनांत काही वेळ कोणी जोडलेले नसले तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सोय असते. ती बंद करून ठेवावी.

अनेकांच्या मनात एक गैरसमज असतो, तोही काढून टाकू. फोनवरून शेजारच्या प्रिंटरवर पान छापायला इंटरनेट लागत नाही. डेटाचा पॅक संपला असला तरी चालते. हॉटस्पॉट हा इथे फक्त दोघांमधला रस्ता आहे, त्यावरून बाहेरच्या जगात जायचेच नसते. कंपनीचे अ‍ॅप कधी कधी लॉगिन मागून अडवते. पण फोनमधला स्वतःचा प्रिंट पर्याय बहुधा अडवत नाही. कागद आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेला असला म्हणजे झाले.

हॉटस्पॉटचा जुना फोनही नसेल तर? बऱ्याच प्रिंटरमध्ये वायफाय डायरेक्ट असते. म्हणजे प्रिंटर स्वतःच एक छोटे वायफाय सोडतो. फोनच्या वायफाय यादीत डायरेक्ट या शब्दाने सुरू होणारे एक नाव दिसते, ते तेच. त्याचा पासवर्ड प्रिंटरच्या माहितीच्या पानावर छापून येतो. त्याला जोडले की थेट छपाई. तेवढा वेळ फोनवर 'इंटरनेट नाही' अशी सूचना दिसेल, घाबरू नये.

आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वायर. प्रिंटरच्या मागे एक चौकोनी तोंड असते. त्याची यूएसबी केबल पुष्कळदा खोक्यात देतच नाहीत, म्हणून लोकांना ती सोय माहीत नसते. केबलने लॅपटॉप जोडता येतो. ओटीजीचा छोटा जोड लावला तर बऱ्याच फोनांवरूनही छापता येते. केबल पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नये. उद्या सकाळी दहाला अर्ज द्यायचा असेल तर रात्री अकरा वाजता वायफायशी झुंज घेत बसण्यापेक्षा वायर लावावी आणि झोपावे.

आता ज्यांच्या घरी राउटर आहे त्यांच्याविषयी.

त्यांची नेहमीची तक्रार अशी: काल चालत होता, रात्री लाइट जाऊन आली, आज लॅपटॉप म्हणतो प्रिंटर ऑफलाइन. कारण समजून घेतले तर राग येणार नाही. राउटर आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, दवाखान्यात नंबराचा बिल्ला देतात तसा. लाइट जाऊन आली की बिल्ले पुन्हा वाटले जातात. काल प्रिंटरचा नंबर १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.८ झाला. लॅपटॉप मात्र अजून पाच नंबरच्या दारावर थाप मारतो आणि सांगतो, घरी कोणी नाही.

यासाठी सुरू करण्याचा क्रम पाळावा. तिन्ही यंत्रे बंद करावीत. आधी राउटर चालू करून दोन-तीन मिनिटे थांबावे. मग प्रिंटर चालू करून त्याचा दिवा स्थिर होऊ द्यावा. शेवटी लॅपटॉप किंवा फोन. घाईत तिन्ही एकदम चालू केली तर राउटर तयार होण्याआधीच प्रिंटर शोधून दमलेला असतो. एवढ्याने भागले नाही तर प्रिंटरकडून नेटवर्कच्या माहितीचे पान छापून घ्यावे. पडदा असेल तर मेनूत सापडते. नसेल तर कोणते बटण दाबून धरायचे ते माहितीपत्रकात असते. त्या पानावर आयपी अ‍ॅड्रेस लिहिलेला असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने प्रिंटरला बिल्ला दिलेलाच नाही, जोडणी पुन्हा करावी लागेल. नीट नंबर असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये तोच टाकून पाहावा. प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले म्हणजे रस्ता साफ आहे, घोळ लॅपटॉपमध्ये आहे. लॅपटॉपमधून जुना प्रिंटर काढून टाकावा आणि नव्याने जोडावा. राउटरच्या सेटिंगमध्ये एखाद्या यंत्राचा नंबर कायमचा राखून ठेवण्याची सोय असते. ती एकदा करून घेतली की लाइट कितीही वेळा गेली तरी हा त्रास नाही.

विंडोजच्या लॅपटॉपवर आणखी दोन जागा पाहाव्यात. छपाईच्या रांगेत प्रिंटर ऑफलाइन वापरा अशा अर्थाच्या पर्यायावर खूण पडलेली असेल तर ती काढावी. आणि वायफाय पब्लिक असे नोंदले गेले असेल तर घरच्या वायफायपुरते ते प्रायव्हेट करावे, नाहीतर लॅपटॉप आणि प्रिंटर एकमेकांना दिसत नाहीत.

इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन राउटर बदलून गेला, पासवर्ड नवा ठेवला, आणि प्रिंटर बंद पडला, हीही नेहमीची कथा. फोनांत नवा पासवर्ड आपण लगेच भरतो. प्रिंटरला कोण सांगणार? त्याला पडदा नसेल तर राउटरवरचे डब्ल्यूपीएस बटण दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे वायफाय बटण दाबून धरावे, म्हणजे पासवर्ड न लिहिता दोघांची गाठ पडते. नव्या राउटरवर सुरक्षा डब्ल्यूपीए३ एवढीच ठेवलेली असेल तर जुने प्रिंटर जोडले जात नाहीत. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडावा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गेस्ट वायफायवर प्रिंटर जोडू नये. त्यातली यंत्रे सहसा एकमेकांशी बोलू शकत नाहीत, ती सोयच तशी केलेली असते.

जागेचेही पाहावे. स्टीलची मांडणी, लोखंडी कपाट, फ्रिज ही मंडळी वायफायची लहर अडवतात. ताईंचा प्रिंटर आम्ही मांडणीवरून काढून खिडकीजवळच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला. मांडणीवर फोडणीची वाफ आणि तेल बसून काच खराब झाली असती ते वेगळेच.

आता एक गोष्ट आम्हाला जरा कठोरपणे सांगायची आहे. प्रिंटर बंद पडला की लोक फोनवर कंपनीच्या मदतीचा क्रमांक शोधतात. शोधात वर दिसणारे सगळेच क्रमांक कंपनीचे नसतात. आमच्या ओळखीचे एक गिरणीतून निवृत्त झालेले काका अशाच एका क्रमांकावर बोलले. पलीकडचा मनुष्य फार गोड बोलत होता. त्याने आधी फोनचा पडदा दिसणारे एक अ‍ॅप टाकायला लावले, मग नोंदणीचे दहा रुपये भरायला सांगितले. काकांनी दहा भरले. पडद्यावरचे सारे पलीकडे दिसत होते. संध्याकाळपर्यंत खात्यातले पंधरा हजार गेले. काका ही गोष्ट दोन दिवस घरात बोललेच नाहीत, लाज वाटली म्हणून. तिथेच मोठे नुकसान झाले. असे घडले तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. क्रमांक विसरत असेल तर काळाराम मंदिर सत्याग्रहाचे साल आठवावे, तेच आहे. मदतीचा क्रमांक हवा असेल तर खोक्यावर किंवा हमीपत्रावर छापलेला असतो तोच घ्यावा. आणि वायफाय जोडून देण्यासाठी कुठल्याही कंपनीला तुमचा ओटीपी लागत नाही.

दुरुस्तीवाला कार्ड गेले म्हणाला तर काय करावे, हेही सांगतो. भांडू नये. त्याला एवढेच म्हणावे, "दादा, तुमच्या फोनचा हॉटस्पॉट दोन पूर्णांक चारवर लावा आणि माझ्यासमोर जोडून बघा." जोडला गेला तर कार्ड शाबूत आहे. नाही जोडला गेला तर आणखी एका फोनवर पाहावे आणि मगच पैशाचे बोलावे. तरीही कार्ड खरेच गेलेले निघाले, तर केबलने प्रिंटर पुढेही चालतोच.

भाऊ रात्री साडेअकराला ड्युटीवरून आले तेव्हा आम्ही निघण्याच्या बेतात होतो. मुलीने त्यांच्याकडे पाहिले, मग प्रिंटरकडे पाहिले आणि म्हणाली, "पप्पा, आता हॉटस्पॉट बंद करा, नाहीतर हा पुन्हा तुमच्याकडे पळेल." भाऊंना काही कळले नाही. ताईंनी त्यांना जेवायला वाढता वाढता सगळे सांगितले, १०० रुपये फुकट गेल्याचे दोनदा.

आजोबांचा दाखला मुलीने एकदाच, हलक्या हाताने काचेवर ठेवून स्कॅन केला. झाकण दाबले नाही, नुसते टेकवले. ती प्रत फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये ठेवली, आणि दाखला पुन्हा पाकिटात गेला. मग गावाकडच्या काकांच्या दोन मुलांना आणि आळंदी रस्त्याला राहणाऱ्या चुलत आत्याच्या घरीही तीच प्रत पाठवली. आजोबा सर्वांचे तेच, आणि पडताळणीत रक्ताच्या नात्यातील माणसांचे कागद सर्वांनाच लागतात. गावाकडच्या धाकट्या पोराचा लगेच उलट निरोप आला: ताई, अजून कोणकोणते कागद लागतात ते एका पानावर लिहून पाठव. ते पान ती दुसऱ्या दिवशी दुपारी, पप्पा ड्युटीवर गेल्यावर छापणार होती.